गरोदरपणात हिरड्यांतून रक्त: दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याशी याचा खरंच संबंध आहे का?

रानजाई

पहिलं बाळंतपण, १८ वा आठवडा चालू आहे. गेले बरेच दिवस ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. सुरुवातीला वाटलं ब्रश कडक असेल, म्हणून मऊ आणला. फरक पडला नाही. आता खालच्या पुढच्या दातांपाशी हिरड्या लालभडक आणि फुगलेल्या दिसतात, सकाळी चूळ भरली की पाणी गुलाबी होतं. शेवटी डेंटिस्टकडे गेले. त्यांनी दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत बारीक प्रोब घालून मोजलं, काही ठिकाणी ४-५ मिलिमीटर खोली भरली. कीटण बरंच साठलंय, हिरडीच्या खालूनही साफ करावं लागेल, तेवढा भाग बधिर करून दोन बैठकांत करू आणि आत्ताच, मधल्या तिमाहीत करून घ्या, असं त्या म्हणाल्या.

घरी सगळ्यांचं म्हणणं उलट आहे. पोटात बाळ असताना दातांना हात लावायचा नाही, इंजेक्शन तर नाहीच, आधी बाळंतपण होऊ दे. आई, सासूबाई, मोठ्या जाऊबाई, तिघींचं एकमत. त्यात मी रात्री फोनवर वाचत बसले तर 'हिरड्यांचा आजार असेल तर बाळ वेळेआधी जन्मण्याचा धोका सातपट' असं दिसलं. तेव्हापासून धड झोप नाही. साफ करून घेतलं तर बाळाला काही होईल का, आणि नाही घेतलं तर बाळ लवकर येईल का, अशा कात्रीत सापडलेय. ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी कृपया लिहा. घरच्यांना काय सांगू तेही कळत नाहीये.

शुभ्रा_दंत

रानजाई, मी दंतवैद्य आहे, हिरड्यांचंच काम जास्त करते. तुमच्या डेंटिस्टनी योग्य सांगितलंय. सविस्तर लिहिते, कारण अशा वेळी अर्धवट माहितीनेच जास्त घाबरायला होतं.

गरोदरपणात हिरड्या सुजणं अतिशय सर्रास दिसतं. जवळपास ६० ते ७५ टक्के गरोदर स्त्रियांना हा त्रास होतो. साधारण दुसऱ्या महिन्यापासून सूज वाढायला लागते आणि आठव्या महिन्यापर्यंत वाढत जाते. शेवटच्या महिन्यात थोडी उतरते. हे १९६३ सालीच नोंदवून ठेवलेलं आहे. प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढल्यामुळे हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात आणि शरीराची जंतूंना तोंड देण्याची पद्धतही बदलते. शिवाय हिरडीखाली राहणारे काही जंतू, त्यातला प्रिव्होटेला इंटरमीडिया हा मुख्य, याच संप्रेरकांवर पोसले जातात. म्हणजे पूर्वी जेवढा चिकट थर दातांवर असताना काही होत नव्हतं, तेवढ्याच थरावर आता हिरड्या जोरात सुजतात. पण मूळ कारण तो थरच. संप्रेरकं एकटी हिरड्या सुजवत नाहीत. म्हणून 'गरोदरपणात असं व्हायचंच' म्हणून सोडून देऊ नये. थर काढला की सूज उतरते.

आता दोन गोष्टी वेगळ्या करा. नुसती हिरडीची सूज म्हणजे जिंजिव्हायटिस. ती पूर्ण बरी होते. सूज खोल जाऊन दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजायला लागलं की पेरिओडॉन्टायटिस, ज्याला लोक पायोरिया म्हणतात. झिजलेलं हाड आपोआप परत येत नाही. निरोगी हिरडीत फट १ ते ३ मिलिमीटर असते. तुमची ४-५ भरली यावरून लगेच हाड गेलंय असं समजू नका. हिरडी फुगून वर आली तरी फट खोल मोजली जाते. 'हाड झिजलंय की नुसती सूज आहे?' हा प्रश्न डेंटिस्टना नेमका विचारा. संशोधनात ज्या बाळंतपणाच्या धोक्याबद्दल बोललं जातं, तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

एक फार महत्त्वाचं. रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश फिरवायचं टाळू नका. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी तेच करतात, मग तिथे थर आणखी साठतो आणि रक्त आणखी येतं. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवायचा, केसांची टोकं हिरडीकडे, आणि जागच्या जागी हलके हलवायचे. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं, फ्लोराइडची पेस्ट. दोन दातांच्या मधे फ्लॉस किंवा बारीक ब्रश. आधी काही दिवस रक्त येत राहील, मग कमी होईल. पण साठून दगड झालेलं कीटण घरी निघत नाही, ते साफ करूनच घ्यावं लागतं.

निर्मळ

अगं रानजाई, मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची असेन. आमच्या वेळी 'एका बाळामागे एक दात' असंच ऐकत आलो. माझ्या थोरल्या बहिणीचे दात बाळंतपणात हललेही होते. त्यामुळे घरच्यांची भीती मला समजते, त्यांच्या मनात वाईट काही नाही. पण मला शुभ्राताईंना विचारायचंय, बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम घेतं हे खरं का? आणि ते बधिर करायचं इंजेक्शन, एक्स-रे, औषधं, यांचं काय? घरच्या मोठ्यांना पटवायचं तर याच गोष्टी आधी विचारल्या जाणार.

शुभ्रा_दंत

निर्मळताई, तुम्ही हे विचारलंत ते फार बरं झालं.

बाळ दातांतून कॅल्शियम घेत नाही. ते आईच्या आहारातून मिळतं आणि कमी पडलं तर आईच्या हाडांतून. तयार झालेल्या दातातलं कॅल्शियम असं परत रक्तात जात नाही. बहिणीचे दात हलले असतील ते हिरड्यांमुळे: आधीपासूनचा पायोरिया गरोदरपणात जोर धरतो आणि उपचार न झाल्याने दात जातात. शिवाय उलट्यांमधलं आम्ल आणि सारखं थोडं थोडं खाणं यांनी कीड वाढते. दात जात होते हे खरं, पण बाळामुळे नव्हे. कोणी हातच लावत नव्हतं म्हणून जात होते.

बधिर करण्यासाठी साधारणपणे लिग्नोकेन वापरतात. दंतोपचारात लागतं तेवढ्या प्रमाणात ते गरोदरपणात सुरक्षित मानलं जातं, अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असलं तरी. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट लिहिलंय की गरोदरपणात दातांची तपासणी, गरज असेल तर एक्स-रे आणि बधिर करून केलेले उपचार सुरक्षित आहेत, आणि ते पुढे ढकलू नयेत. दाताच्या एक्स-रेतले किरण अगदी कमी असतात आणि त्यांचा रोख पोटाकडे नसतो. तरी गरज नसेल तर आम्ही काढत नाही, हे गरोदर नसलेल्या रुग्णालाही लागू आहे.

औषधांबाबत मात्र खरी काळजी घ्यायला हवी. दुखलं तर पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आयब्युप्रोफेन आणि त्या जातीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. विशेषतः २० आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तसा इशारा दिलाय. टेट्रासायक्लीन, डॉक्सिसायक्लीन टाळतात, कारण बाळाच्या तयार होणाऱ्या दातांवर कायमचे डाग पडतात. घरात पूर्वीची उरलेली पट्टी आहे म्हणून त्यातली गोळी घेणं, हे मला इंजेक्शनपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं वाटतं.

रक्तदाबाच्या धोक्यामुळे काही जणींना प्रसूतितज्ज्ञ कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन देतात, काहींना हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध चालू असतं. ती औषधं दात साफ करायच्या आधी स्वतःहून बंद करू नका. डेंटिस्टना सांगा, दोघं डॉक्टर बोलून ठरवतील.

आणि खुर्चीत बसण्याबद्दल, जे सहसा कोणी सांगत नाही. २० आठवड्यांच्या पुढे सपाट पाठीवर झोपलं की वाढलेलं गर्भाशय मोठ्या रक्तवाहिनीवर दाबतं, चक्कर येते, घाम फुटतो. उजव्या कुशीखाली लहान उशी ठेवून किंचित डावीकडे कलून बसायचं. मधे उठावंसं वाटलं तर लगेच सांगायचं. मधली तिमाही निवडतात ती याच सोयीसाठी: मळमळ कमी झालेली असते आणि पोट अजून फार मोठं नसतं. पण पू झाला, ठणका लागला, चेहरा सुजला तर कुठल्याही महिन्यात उपचार करायचे, थांबायचं नाही.

काठावर

माझी बायको २४ व्या आठवड्यात आहे, म्हणून हा धागा वाचतोय. सुरक्षित आहे हे समजलं. पण रानजाईंचा दुसरा प्रश्न राहिला की. सातपट धोका हे खरं की खोटं?

मोजपट्टी

वैद्यकीय संशोधनातली आकडेमोड हे माझं काम आहे, डॉक्टर नाही. या विषयाचा इतिहास मी बारकाईने वाचलाय, तो सांगतो, कारण त्यातच उत्तर आहे.

'सातपट' हा आकडा १९९६ सालच्या एका अमेरिकन अभ्यासातून आलाय. स्टीव्हन ऑफेनबाखर आणि सहकाऱ्यांनी १२४ स्त्रियांच्या हिरड्या तपासल्या. ज्यांची बाळं वेळेआधी किंवा कमी वजनाची जन्मली त्यांच्यात हिरड्यांचा आजार कितीतरी जास्त निघाला, आणि इतर कारणांचा हिशेब करूनही गुणोत्तर सातच्या वर आलं. फक्त १२४ जणी. एवढ्या छोट्या गटातून निघालेल्या आकड्याभोवती अनिश्चितता प्रचंड असते. पण त्या अभ्यासाने जगभर दार उघडलं, पुढे शेकडो अभ्यास झाले. बहुतेकांत संबंध दिसला, मात्र सातपटीच्या खूप खाली. काहींत दिसलाच नाही.

संबंध दिसणं वेगळं आणि एकामुळे दुसरं होणं वेगळं. तंबाखू घ्या. तंबाखूने हिरड्या बिघडतात आणि तंबाखूने बाळंतपणही लवकर होतं. मधुमेहाचंही तसंच. गरिबी, अपुरा आहार, दवाखाना हाताशी नसणं, सततचा ताण, यांनी दोन्ही गोष्टी वाढतात. मग बिघडलेल्या हिरड्या आणि लवकर बाळंतपण एकाच स्त्रीत दिसतात, तरी एकाने दुसरं घडवलं असेलच असं नाही.

हे तपासायचा खरा मार्ग म्हणजे हिरड्यांचा आजार असलेल्या गरोदर स्त्रियांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट करायचे, एका गटाला गरोदरपणात उपचार द्यायचे, दुसऱ्याला बाळंतपणानंतर, आणि कोणाची बाळं लवकर येतात ते मोजायचं. २००२ मध्ये चिलीमध्ये ४०० स्त्रियांवर असा प्रयोग झाला आणि निकाल फार आशादायक आला: उपचार न मिळालेल्यांत वेळेआधी किंवा कमी वजनाची बाळं सुमारे १० टक्के, उपचार मिळालेल्यांत २ टक्क्यांच्या आत. सगळ्यांना वाटलं, सापडला उपाय.

मग मोठे प्रयोग झाले. २००६ मध्ये अमेरिकेत ८२३ स्त्रियांवर झालेला प्रयोग न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. एका गटाच्या हिरड्या २१ व्या आठवड्याच्या आत साफ केल्या, दुसऱ्याच्या बाळंतपणानंतर. वेळेआधी बाळंतपण पहिल्या गटात १२.० टक्के, दुसऱ्यात १२.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. हिरड्या मात्र स्पष्टपणे सुधारल्या, आणि उपचारांमुळे आईला किंवा बाळाला अपाय झाला नाही. २००९ मध्ये खुद्द ऑफेनबाखर यांच्या गटाने १८०० च्या आसपास स्त्रियांवर प्रयोग केला, त्यातही वेळेआधीची बाळंतपणं कमी झाली नाहीत. ज्या माणसाने ही कल्पना मांडली त्यानेच आपल्या कल्पनेविरुद्ध गेलेला निकाल छापला, याचं मला फार कौतुक वाटतं. ऑस्ट्रेलियातही तेच आलं.

२०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय प्रयोगांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या संस्थेने १५ प्रयोग आणि ७,१६१ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. निष्कर्ष: हिरड्यांच्या उपचारांनी ३७ आठवड्यांआधीची बाळंतपणं कमी होतात असं दिसत नाही. कमी वजनाची बाळं थोडी कमी होत असावीत, ९.७ टक्के विरुद्ध १२.६ टक्के, पण तो पुरावाही कमकुवत दर्जाचा आहे.

काठावर

मग गोंधळ वाढलाच. आजार असलेल्यांत धोका जास्त दिसतो, पण आजार बरा केला तरी धोका कमी होत नाही. हे कसं? आणि तसं असेल तर साफ कशाला करून घ्यायचं?

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नाची तीन उत्तरं तज्ज्ञ देतात आणि तिन्ही थोडी थोडी खरी असू शकतात. एक, मी वर म्हटलं तसं, दोन्हींमागे तिसरंच कारण असणं. दुसरं, उशीर. चौथ्या-पाचव्या महिन्यात उपचार केले तोवर जे व्हायचं ते सुरू झालेलं असेल. गरोदर राहण्याआधी हिरड्या बऱ्या केल्या तर वेगळा निकाल येईल का, हे तपासणारे प्रयोग फारच थोडे आहेत. तिसरं, एकदा-दोनदा साफ करून काही स्त्रियांचा आजार पूर्ण आटोक्यात येत नाही.

संबंध असण्याचा जैविक मार्ग तर आहे. सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात शिरतात. फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटमसारखे तोंडात राहणारे जंतू वारेत आणि गर्भजलातही सापडलेले आहेत. दुसरा मार्ग सूजेचा: हिरडीत तयार होणारी रसायनं रक्तात फिरतात आणि प्रोस्टाग्लँडिन वाढतं, ज्याने कळा सुरू होतात. त्यामुळे 'काही संबंध नाही' असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मी रानजाईंच्या जागी असतो तर 'सातपट' हा शब्द मात्र मनातून पुसून टाकला असता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शुभ्राताईंनी द्यावं.

शुभ्रा_दंत

काठावर, साफ करून घ्यायचं ते आईच्या तोंडासाठी. तेवढं कारण पुरेसं नाही का? हिरड्या सुजलेल्या, रक्त येतंय, जेवताना त्रास, तोंडाला वास, आणि दुर्लक्ष केलं तर हाड झिजून दात कायमचा जाणार. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक दुखण्याकडे 'बाळाला काय होईल' एवढ्याच नजरेने पाहिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. तिचे दात तिला पुढची कित्येक वर्षं वापरायचे आहेत. उपचार सुरक्षित आहेत, तिला त्याचा फायदा आहे, तर ते द्यायलाच हवेत. बाळंतपणानंतर कोणी येत नाही, हे मी रोज पाहते. बाळ लहान, झोप नाही, स्वतःसाठी तासभर काढणं अशक्य. 'बाळंतपण झाल्यावर बघू' म्हणजे बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं काहीच नाही.

अबोली

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं इथे. हा धागा वाचून राहवलं नाही.

माझी मुलगी ३१ व्या आठवड्यात झाली. बाळ एनआयसीयूत असताना भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी कुठेतरी वाचलेलं मला ऐकवलं, की आईचे दात खराब असले की असं होतं. माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं हे त्यांना माहीत होतं. मी तेव्हा काचेपलीकडे बघत उभी होते आणि ते वाक्य आत जाऊन बसलं. मुलगी आता शाळेत जाते, धडधाकट आहे. तरी दात घासताना ते आठवतं. मी कधी कोणाला विचारलंही नाही. मोजपट्टी, तुम्ही लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे मी वेळेत साफ करून घेतलं असतं तरी ती पूर्ण दिवसांची झाली असती असं नाही ना?

मोजपट्टी

अबोली, नाही. हजारो स्त्रियांवर नेमकं हेच तपासून पाहिलं गेलंय. ज्यांच्या हिरड्या गरोदरपणात साफ केल्या आणि ज्यांच्या केल्या नाहीत, त्यांच्यात वेळेआधीची बाळंतपणं जवळपास सारखीच झाली. त्या बाईंच्या वाक्याला पुराव्याचा आधार नाही.

प्रसूतिकक्ष

अबोली, मी प्रसूती विभागात परिचारिका आहे, खूप वर्षं. मला तुला थेट सांगायचंय. अपुऱ्या दिवसांचं बाळ झालेली प्रत्येक आई आम्हाला एकच विचारते, माझं काय चुकलं? पायऱ्या चढले म्हणून का, प्रवास केला म्हणून का, रागावले म्हणून का. आणि बऱ्याचदा डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. हे ऐकायला नको वाटतं, कारण सापडलं तर निदान काही धरायला मिळतं. पण खरं तेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. ज्या गोष्टींनी धोका नक्की वाढतो त्या अशा: आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असणं, जुळं-तिळं, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं, लघवीतला किंवा योनीमार्गातला जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू कुठल्याही रूपात, आणि दोन बाळंतपणांत फार कमी अंतर. यातल्या कितीतरी आईच्या हातात नसतात. कोणी तुझ्या तोंडावर असं बोललं याचा मला मनापासून राग आला. तुझ्या बाळाला ३१ व्या आठवड्यात जी काळजी मिळाली आणि तू जी तिथे उभी राहिलीस, त्यामुळे ती आज शाळेत जाते.

अबोली

ताई, मोजपट्टी, शुभ्राताई, तिघांचे आभार. जास्त लिहिता येत नाहीये.

रानजाई

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मलाही धीर आला.

मी वरचं सगळं आईला आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाईंना इंजेक्शनचं पटलं, पण त्यांचा एक मुद्दा आहे: साफ केल्याने दात सैल होतात. आणि माझा स्वतःचा एक प्रश्न. मला अजूनही अधूनमधून सकाळी उलटी होते. त्यानंतर लगेच ब्रश करते, तोंड घाण वाटतं म्हणून. हे बरोबर आहे का?

शुभ्रा_दंत

सासूबाईंना सांगा, जिथे हाड झिजलेलं असतं तिथे वर्षानुवर्षांचं कीटण दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. ते काढलं की दात मुळात किती सैल झाला होता ते कळतं. सूज उतरली की हिरडी आवळते, त्यामुळे दोन दातांमधल्या फटीही दिसायला लागतात आणि थोडे दिवस गार-गरम झोंबतं. तो सैलपणा साफ केल्याने येत नाही. उलट सूज गेल्यावर बऱ्याचदा दात थोडा घट्ट होतो.

उलटीनंतर लगेच ब्रश नको. पोटातल्या आम्लाने दाताचं वरचं कठीण आवरण काही काळ मऊ झालेलं असतं, ते ब्रशने खरवडलं जातं. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा, नाहीतर नुसत्या साध्या पाण्याने. ब्रश अर्ध्या-एक तासाने. पेस्टच्या चवीने मळमळत असेल तर पेस्ट बदला, ब्रशचं डोकं लहान घ्या, किंवा दिवसातल्या ज्या वेळी बरं वाटतं त्या वेळी घासा.

आणखी एक, म्हणजे पुढे दिसलं तर घाबरणार नाही. काही जणींना दोन दातांच्या मधे हिरडीवर लाल, मऊ, जरा धक्का लागला की भळाभळा रक्त येणारी गाठ उठते. तिला गरोदरपणातली गाठ म्हणतात. तो कर्करोग नसतो. बहुतेक वेळा बाळंतपणानंतर आपोआप जाते. फारच रक्त येत असेल किंवा जेवता येत नसेल तर आधीही काढता येते. दाखवा मात्र नक्की, नुसतं अंदाजाने ठरवू नका.

निर्मळ

शुगर नसलेलं च्युइंगम चघळलं की बाळ वेळेवर होतं असं माझी भाची सांगत होती. त्यात काही तथ्य आहे का?

मोजपट्टी

निर्मळताई, भाचीने जे वाचलं असेल ते मलावी या आफ्रिकेतल्या देशातल्या प्रयोगाबद्दल असावं. तिथे आठ आरोग्य केंद्रांमध्ये मिळून १०,०६९ स्त्रियांनी भाग घेतला. निम्म्या केंद्रांत तोंडाच्या आरोग्याची माहिती आणि त्याबरोबर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगम दिलं, उरलेल्यांत फक्त माहिती. गरोदर राहण्याआधी किंवा २० व्या आठवड्याच्या आत ते सुरू केलं होतं. २०२२ मध्ये निकाल मांडला गेला: वेळेआधी बाळंतपण १२.६ टक्के विरुद्ध १६.५ टक्के. हा फरक मोठा आहे आणि आनंदाचा आहे. 'लवकर सुरुवात केली तर फायदा होतो का' या शंकेला त्याने पुन्हा जीव दिला.

पण जिथे डेंटिस्ट मिळणं फार अवघड आणि वेळेआधीच्या बाळंतपणांचं प्रमाण खूप जास्त, अशा ठिकाणचा हा निकाल आहे. दुसरीकडे तेवढाच फायदा होईल असं गृहीत धरता येणार नाही. च्युइंगम हा साफ करण्याला पर्याय तर नाहीच. झायलिटॉलने दातांना फायदा होतो, जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. घरात कुत्रा असेल तर ते त्याच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका, कुत्र्यांसाठी झायलिटॉल विषारी आहे.

काठावर

आमच्या घरी कुत्रा आहे, बरं झालं लिहिलंत. प्रसूतिकक्ष ताई, एक विचारतो. बाळंतपण वेळेआधी सुरू होतंय हे ओळखायचं कसं? बायकोला मधूनच पोट घट्ट झाल्यासारखं वाटतं आणि आम्ही दोघंही घाबरून जातो.

प्रसूतिकक्ष

अधूनमधून पोट कडक होणं, थोड्या वेळाने किंवा कूस बदलली की सैल पडणं, हे बऱ्याच जणींना होतं. पण ३७ आठवड्यांच्या आधी यातलं काहीही झालं तर फोन करत बसू नका, हॉस्पिटलमध्ये या: ठराविक अंतराने येणाऱ्या आणि वाढत जाणाऱ्या कळा, थांबत नसलेली कंबरदुखी, ओटीपोटात खाली दाब पडल्यासारखं वाटणं, अंगावरून रक्त किंवा नेहमीपेक्षा पातळ, जास्त पांढरं जाणं, पाणमोट फुटून पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं. लघवीला जळजळ, ताप असेल तरी दाखवा, कारण तो जंतुसंसर्ग वेळीच बरा करता येतो.

काही नसलं तर तपासून घरी पाठवतील. उगाच आलात असं कोणी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी यायचं. वेळेत आलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होण्यासाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देता येतात आणि नवजात बाळांची सोय असलेल्या ठिकाणी हलवायला वेळ मिळतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ते तास फार मोलाचे असतात.

रानजाई

पहिल्या बैठकीची वेळ घेतलीय, सासूबाई बरोबर येणार आहेत. हाडाचं विचारलं, डेंटिस्ट म्हणाल्या की एका दाढेपाशी थोडं झिजलंय, बाकी सूज आहे. शुभ्राताई, एवढंच सांगा, बाळंतपणानंतर पुन्हा कधी दाखवू?

शुभ्रा_दंत

दोन्ही बैठका झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा प्रोबने मोजायला सांगा, म्हणजे फटी किती कमी झाल्या ते कळेल. बाळंतपणानंतर संप्रेरकं उतरली की सूज आणखी कमी होईल. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास एकदा या, त्या दाढेकडे तेव्हा नीट बघता येईल, गरज वाटली तर एक्स-रेही काढता येईल. स्तनपान चालू असतानाही साफ करता येतं, बधिर करता येतं, दूध थांबवावं लागत नाही. अपॉइंटमेंट आत्ताच लिहून ठेवा आणि त्या दिवशी बाळाला कोण सांभाळणार ते सासूबाईंशी आधीच ठरवून ठेवा.